नक्कल, दुरुस्ती आणि सही

गिटहब हे संगणकाच्या कोडचे जगातील सर्वांत मोठे भांडार. २०२४ सालच्या आपल्या वार्षिक अहवालात या संस्थेने भारतासंबंधी एक भाकीत केले. तेथे खाते उघडलेल्या भारतीयांची संख्या १ कोटी ७० लाखांच्या वर गेली असून २०२८ पर्यंत ती अमेरिकेलाही मागे टाकील, असे ते भाकीत होते. आपल्याकडे त्याचे कौतुकाने स्वागत झाले, यात नवल नाही.

पण त्याच वर्षाच्या प्रारंभी घडलेल्या दुसऱ्या एका प्रकाराची चर्चा संगणक व्यवसायाबाहेर फारशी झाली नाही. 'एक्स्प्रेस' या नावाचे एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. जगातील असंख्य वेबसाइट त्याच्या पायावर उभ्या आहेत आणि त्याची देखभाल मात्र थोडे स्वयंसेवक करतात. या स्वयंसेवकांकडे दुरुस्तीच्या नावाखाली अर्जांचा लोंढा येऊ लागला. त्यांत दुरुस्ती अशी काहीच नव्हती. कोणी माहितीपत्रकात आपले नाव घुसडले होते, तर कोणी एखादी निरर्थक ओळ वाढविली होती. चौकशीअंती उलगडा झाला तो असा : एका लोकप्रिय भारतीय शैक्षणिक वाहिनीवर दुरुस्ती कशी पाठवावी याचे प्रात्यक्षिक याच प्रकल्पावर करून दाखविले होते आणि ते पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ते जसेच्या तसे गिरविले होते. २०२० च्या ऑक्टोबरातही असेच घडले होते. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. त्या टी-शर्टासाठी इतका कचरा लोटला गेला की संयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावे लागले. त्याही वेळी बोट भारताकडेच दाखविले गेले.

हे दोन प्रकार आणि ते गौरवपर भाकीत परस्परविरोधी भासतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. लक्षावधी तरुण संगणकाकडे वळले आहेत, पण दुसऱ्याने उभारलेल्या कामात भर घालणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. या प्रश्नाचा विचार बंगळूर वा पुण्याच्या चकचकीत कार्यालयांपेक्षा कल्याणच्या पुढे, कर्जतच्या फाट्यावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत होणे अधिक अगत्याचे आहे. या शहरांतील हजारो घरांत आज संगणकशास्त्र वा माहिती तंत्रज्ञान शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे. त्यांच्यापाशी नामांकित संस्थेचा शिक्का नाही, मोठ्या कंपनीत ओळख नाही. अशांना केवळ कामाच्या जोरावर जगापुढे उभे राहण्याचा जो एक मार्ग आज खुला आहे, तो या लोंढ्याने बुजविला जाण्याची भीती आहे.

फाईलीवरची टिप्पणी

ओपन सोर्स म्हणजे फुकट सॉफ्टवेअर, असा एक समज रूढ आहे. तो अर्धवट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा मुद्दा किमतीचा नव्हता, हक्काचा होता. विकत घेतलेले यंत्र उघडून पाहण्याचा, ते दुरुस्त करण्याचा आणि दुरुस्त केलेली प्रत शेजाऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्यास असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचे काम जाहीर केले आणि पुढे ते स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली आणले. आज अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक फोनच्या तळाशी लिनक्स आहे. म्हणजे बदलापूर लोकलच्या एकाच डब्यात लिनक्स वापरणारी शेकडो माणसे दाटीवाटीने उभी असतात. त्यांपैकी ते ठाऊक असणारी फार थोडी.

या कामात दुरुस्ती कशी पोहोचते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसास चटकन उमगेल. कनिष्ठ लिपिक फाईलीवर टिप्पणी लिहितो : अमुक ठिकाणी अमुक चूक आहे, तिचे कारण हे, उपाय हा. ती वरिष्ठाकडे जाते. तो शंका काढतो, फाईल परत येते, टिप्पणी सुधारून पुन्हा वर जाते, आणि अखेर ज्याला अधिकार आहे तो सही करतो. लिनक्समध्ये नेमके हेच घडते. दुरुस्ती पाठविणाऱ्याने आपली सही जोडावी लागते. ज्या ज्या देखभालकर्त्याच्या हातून ती पुढे सरकते, तो आपली सही तिच्याखाली वाढवितो. ही सह्यांची पद्धत २००४ पासून सक्तीची झाली, कारण आदल्या वर्षी एका अमेरिकन कंपनीने लिनक्समध्ये आपल्या मालकीचा कोड असल्याचा दावा लावला होता आणि कोणती ओळ कोठून आली, हे सांगता येणे आवश्यक ठरले होते. २००५ साली टॉरवल्ड्स यांनी 'गिट' ही नोंदवही तयार केली. तिच्यात कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, हे कायमचे नोंदले जाते.

कचेरीतील फाईलीत आणि या फाईलीत दोन मोठे भेद मात्र आहेत. एक, ही फाईल जगाला उघडी आहे. टिप्पणी कोणी नाकारली आणि का नाकारली, हे कोणालाही वाचता येते. दुसरा, टिप्पणी लिहिणाऱ्याचा हुद्दा येथे विचारला जात नाही. अंबरनाथच्या दोन खोल्यांच्या घरातून आलेली दुरुस्ती आणि कॅलिफोर्नियातील कंपनीतून आलेली दुरुस्ती यांना एकच कसोटी लागते. पहिल्या भेदामुळे शिस्त येते आणि दुसऱ्यामुळे संधी.

तपासणीचे मोल

ही तपासणी म्हणजे केवळ उपचार, असे ज्याला वाटते त्याने 'हार्टब्लीड'ची हकिकत आठवावी. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर बँकांचे आणि वेबसाइटींचे व्यवहार गुप्त राखण्याचे काम करते. २०११ च्या अखेरीस एका जर्मन संशोधक विद्यार्थ्याने त्यात भर घातली. हेतू चांगला होता, पण येणाऱ्या मजकुराची लांबी पडताळून पाहावयाची राहून गेली. तपासणाऱ्याच्याही ते लक्षात आले नाही. एप्रिल २०१४ मध्ये ती चूक उघडकीस आली तोवर दोन वर्षे जगातील असंख्य यंत्रांतून गुप्त माहिती वाचता येण्याजोगी होती. तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. ज्या कामावर अब्जावधींची उलाढाल विसंबून होती, त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या साधारण २००० डॉलर होत्या आणि पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता.

२०२४ च्या मार्चमधील प्रकार याहून गंभीर होय. 'एक्सझेड' या लहानशा उपयोगी सॉफ्टवेअरची देखभाल थकलेला एकच गृहस्थ करीत होता. 'जिया टॅन' असे नाव धारण केलेल्या कोणा अज्ञाताने दोन वर्षांहून अधिक काळ नेमाने दुरुस्त्या पाठवून त्याचा विश्वास संपादन केला, देखभालीचा अधिकार मिळविला आणि मग चोरदरवाजा बसविला. मायक्रोसॉफ्टमधील आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेशास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला, म्हणून जग एका मोठ्या अनर्थातून बचावले.

या दोन हकिकतींचा अर्थ एकच : ओपन सोर्सचे खरे भांडवल कोड हे नव्हे, तो काळजीपूर्वक वाचणाऱ्या माणसाचा वेळ हे ते भांडवल आहे. निरर्थक दुरुस्त्यांचा लोंढा हे भांडवल खाऊन टाकतो. आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. 'कर्ल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे निर्माते डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगत आले आहेत की, यंत्राकडून लिहवून घेतलेल्या, दिसावयास नेटक्या पण आत पोकळ असलेल्या तक्रारी निस्तरण्यात त्यांच्या सहकाऱ्यांचा वेळ वाया जातो. पूर्वी कचरा निदान ओळखू येत असे; आता तो शुद्ध इंग्रजीत येतो. अशा स्थितीत देखभालकर्ते अनोळखी नावांकडे संशयाने पाहू लागले, तर त्यांना दोष कसा द्यावा? आणि या संशयाचा पहिला फटका बसेल तो ज्याच्यापाशी दाखविण्यासारखे दुसरे काहीच नाही, अशा प्रामाणिक विद्यार्थ्यालाच.

'मेड इन यूएसए'

उल्हासनगराला या प्रश्नाशी एक जुने नाते आहे. फाळणीने देशोधडीला लागलेली सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराचा पाया घातला गेला. ज्यांचे सर्वस्व गेले होते, त्यांनी बराकीतल्या बराकीत पापड लाटले, मिठाई केली, कापड शिवले आणि हळूहळू हरतऱ्हेचा माल बनवावयास सुरुवात केली. परदेशी वस्तू डोळ्यांनी पाहून तशीच हुबेहूब घडविण्याचे कसब या गावाने कमावले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मुंबईत दोन पिढ्या चालला. त्या विनोदात तुच्छता होती. पण परवाना, भांडवल आणि नकाशा यांपैकी काहीही हाती नसताना केवळ वस्तू उघडून ती पुन्हा जुळविणाऱ्या कारागिराची बुद्धी त्यात दिसत नव्हती.

त्या व्यवहाराचे वैगुण्य होते ते वेगळेच. कारागिराला आपले नाव घालता येत नव्हते. माल जितका चांगला, तितके त्याचे नाव अधिक खोल दडविलेले. नक्कल करणाराने मूळ वस्तूत एखादी सुधारणा केली, तरी तिचे श्रेय त्याला नव्हते आणि मूळ उत्पादकालाही तिचा लाभ नव्हता. ओपन सोर्सने हे समीकरण उलटे केले आहे. येथे नक्कल करण्यास परवान्यानेच मुभा आहे; वस्तू उघडून पाहणे हा गुन्हा नसून हक्क आहे. मात्र सुधारणा केली तर ती आपल्या सहीनिशी मूळ ठिकाणी परत पाठवावी, अशी अपेक्षा आहे. ज्या गावाला सही लपवावी लागली, त्या गावातील मुलांनी आता ती उघडपणे करावी, याहून उचित फेड कोणती?

तपासणीची सवय शेजारच्या अंबरनाथला नवी नाही. आयुध निर्माणीत किंवा औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत लेथवर आयुष्य घालविलेल्या कामगाराला ठाऊक असते की, जॉब गेजमध्ये बसला नाही तर तो परत येतो. त्यात अपमान नसतो. माप चुकले, ते सुधारावयाचे, इतकेच. त्याच कामगाराचा मुलगा मात्र पहिली दुरुस्ती नाकारली गेली की खचतो किंवा संतापतो, कारण शाळा-महाविद्यालयात त्याने लिहिलेले कधी कोणी परत देऊन पुन्हा लिहावयास सांगितलेले नसते. उत्तरपत्रिका एकदाच तपासली जाते, गुण पडतात आणि विषय संपतो.

प्रकल्पाची वही

येथे प्रश्न शिक्षणाचा होतो. उल्हासनगरच्या चांदीबाई वा तलरेजा महाविद्यालयांपासून बदलापूर परिसरातील नव्या महाविद्यालयांपर्यंत संगणकाचे विद्यार्थी विपुल आहेत. पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रकल्प करणे आवश्यक असते. असे प्रकल्प राज्यात ठिकठिकाणी तयार विकत मिळतात, हे कोणा प्राध्यापकापासून लपलेले नाही. ग्रंथालयाची नोंदवही, रुग्णालयाची नोंदवही असे तेच ते विषय वर्षानुवर्षे फिरत राहतात. परीक्षेचा दिवस उलटला की तो कोड पुन्हा कोणी उघडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. त्यांचा उपयोग चालू असलेल्या ओपन सोर्स प्रकल्पात एक खरी दुरुस्ती करण्यासाठी का होऊ नये?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गुण लागले की लोंढा वाढेल. टी-शर्टासाठी जे झाले तेच गुणांसाठी होईल. म्हणूनच मोजणी दुरुस्त्यांच्या संख्येची असता कामा नये. विद्यार्थ्याने कोणती चूक निवडली, ती पुन्हा कशी घडवून दाखविली, देखभालकर्त्याच्या शंकांना काय उत्तर दिले आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काय सुधारले, हे पाहावे लागेल. हा सारा पत्रव्यवहार उघडा असल्याने तो वाचण्यास अडचण नाही. अडचण आहे ती प्राध्यापकाच्या सवडीची. एका वर्गात एक चांगली दुरुस्ती स्वीकारली गेली, तरी ती पन्नास विकतच्या वह्यांपेक्षा मोलाची ठरेल. शिवाय पाठविण्यापूर्वी वर्गातच एकमेकांचे काम तपासण्याची प्रथा पडली, तर बाहेरच्या स्वयंसेवकांवरील भार आपोआप हलका होईल.

असे प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने केंद्र सरकारच्या साहाय्याने एक साधी युक्ती काढली. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे 'सायलॅब' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहावयाची, ती तपासून घ्यावयाची आणि सर्वांसाठी खुली करावयाची. लहान गावातील विद्यार्थीही हे करू शकतो. त्याबद्दल मानधनही ठेवलेले आहे. केरळने शालेय संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. तेथील 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या स्वयंसेवकांच्या संघाने मलयाळम लिपीसाठी फाँट आणि इतर साधने घडविली. मुंबईतच जन्मलेले 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेब आणि उद्योग-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर खुले असून देशोदेशींचे लोक त्यात भर घालतात. ते वापरणे उल्हासनगरच्या जीन्स-कारखानदारालाही अशक्य नाही आणि त्याच्या गरजेनुसार त्यात बदल करणे हे स्थानिक तरुणांना काम होऊ शकते.

सरकारचे धोरण मात्र अजून वापरण्याच्याच पायरीवर रेंगाळते आहे. २०१५ साली केंद्राने सरकारी कामकाजात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आणि सरकारी सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचेही ठरविले. २०२० च्या मे महिन्यात 'आरोग्य सेतु'चा कोड प्रसिद्ध झाला तेव्हा अपेक्षा उंचावल्या होत्या. पण प्रसिद्ध केलेला कोड आणि लोकांच्या फोनवर चालणारा कोड यांचा मेळ बसत नाही, अशी टीका जाणकारांनी केली. कोड खिडकीत मांडून ठेवणे निराळे आणि बाहेरून आलेली दुरुस्ती वाचून, तिच्यावर उत्तर देऊन ती स्वीकारणे निराळे. दुसऱ्या गोष्टीसाठी माणसे नेमावी लागतात. ती नेमली जात नाहीत तोवर खुलेपणा कागदावरच राहील.

मराठीचे देणे

हे सारे कोड लिहिणाऱ्यांचे काम आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे शिक्षकांना आणि लिपिकांना वाटण्याचा संभव आहे. तसे समजणे चुकीचे होईल. एका कचेरीत टंकलेला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडताच अगम्य चिन्हांचा ढीग दिसावा, हा अनुभव त्यांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक व्यवस्था निराळी आणि बंदिस्त होती, हे त्याचे कारण. युनिकोडने आणि खुल्या फाँटांनी त्यातून सुटका केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले 'लोहित' फाँट रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केले आणि पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे कशी असावीत, हे राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिले. तरीही आज अनेक ठिकाणी पडद्यावर हिंदी वळणे उमटतात. मराठी नावांच्या यादीत 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' कोठे यावेत, याचेही नियम संगणकाला कोणीतरी लिहून द्यावे लागतात.

ही चूक परदेशातील अभियंत्याच्या लक्षात येणार नाही. ती शाळेतील मराठीच्या शिक्षिकेच्या किंवा नगरपालिकेत जन्मनोंदी करणाऱ्या लिपिकाच्या लक्षात येते. खुल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती कळविण्यास कोड येण्याची आवश्यकता नाही. कोणत्या आवृत्तीत, कोणते अक्षर, काय केले असता चुकते आणि कसे दिसावयास हवे, एवढे नेमकेपणाने लिहिले तरी अर्धी दुरुस्ती झाली. उरलेली अर्धी त्याच शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी करू शकतो. अनुभवी माणसाची जाण आणि तरुणाचे तंत्र यांची अशी सांगड घातली गेली, तर जगाच्या रांगेत मराठी भाषिकांना ताटकळत उभे राहावे लागणार नाही.

२०२८ चे भाकीत खरे ठरेल किंवा न ठरेल. खाती मोजून देशाची तंत्रविद्या सिद्ध होत नसते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील विद्यार्थ्यांनी पाठविलेल्या किती दुरुस्त्या पाच वर्षांनीही जगाच्या उपयोगी पडत आहेत, हा प्रश्न विचारावयास हवा. एखादी दुरुस्ती तीनदा परत आली आणि चौथ्यांदा स्वीकारली गेली, तर तिच्याखालची सही पुसली जात नाही. विकतच्या वहीवरची सही मात्र निकाल लागताच निरर्थक होते. यांपैकी कोणती सही करावयास शिकवावयाचे, हे ठरविणे महाविद्यालयांच्या हाती आहे.